गोचीड कोणाच्या नावे?

मी बँकेत कारकून आहे. हेच वाक्य आमच्या लग्नाच्या बोलणीत माझ्या वडिलांनी छाती पुढं काढून उच्चारलं होतं. आज बावीस वर्षांनी मी ते मान खाली घालून उच्चारतो, आणि तेही कुणी अगदीच खोदून विचारलं तर. मधल्या काळात आमच्या गावाचं नाव बदललं, नोटा बदलल्या, पासबुक भरायला यंत्र आलं. बदललो नाही तो फक्त मी आणि माझ्या खुर्चीवरचा टॉवेल.

परवा सर्व्हर बंद होता. आता सर्व्हर बंद पडण्यात माझा हात असता तर मी तो महिन्याच्या एक तारखेला, पेन्शनच्या दिवशी, कशाला बंद पाडला असता? पण रांगेतल्या एका आजोबांना हे पटलं नाही. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात माझं वर्णन केलं : "बसलेत बघा नुसते खुर्चीला चिकटून, गोचिडासारखे!"

बावीस वर्षांच्या नोकरीत अपमान गिळायची सवय होते. मला राग आला तो उपमेचा. कारण गोचीड या विषयात मी तोवर बराच जाणकार झालो होतो. गोचीड कशालाही कायमचा चिकटून राहत नाही, हे त्या आजोबांना सांगावं असं फार वाटलं. त्याच्या सारख्या बदल्या होत असतात. उलट माझीच झालेली नाही.

हे ज्ञान मला कुठून मिळालं, ते सांगतो.

गेल्या भाद्रपदातल्या एका रविवारी आमच्या बिल्डिंगमधली चार कुटुंबं मिळून गौताळ्याला गेलो. वेरूळ ओलांडून कन्नडच्या पुढं गेलं की हे अभयारण्य लागतं. 1986 साली ते जाहीर झालं, आणि पावसाळ्यात ते असं हिरवंगार होतं की आपण मराठवाड्यात आहोत यावर विश्वास बसत नाही. सीता न्हाणीचा धबधबा पाहिला. गवतावर आमची मोठी सतरंजी अंथरली. धपाटे, ठेचा, दही, शेंगदाण्याची चटणी असा बेत झाला. निसर्गाच्या सान्निध्यात माणूस दुप्पट जेवतो आणि मग तिथंच आडवा होतो. मी दोन्ही केलं. संध्याकाळी सतरंजीची गुंडाळी करून गाडीच्या टपावर टाकली आणि घरी आल्यावर जिन्याखाली ठेवून दिली. या सतरंजीकडं जरा लक्ष ठेवा. मी ठेवलं नाही.

मंगळवारी गुडघ्याच्या लवणीत खाज सुटली. आमच्या सौभाग्यवतींनी चष्मा लावून पाहणी केली.

"अहो, इथं तीळ होता का तुम्हाला?"

"असेल. बावीस वर्षांत तुझं लक्ष गेलं नाही त्याला मी काय करू?"

"पण याला पाय आहेत."

यानंतर आमच्या घरात जी सभा भरली तिला कोरमचा प्रश्न आला नाही. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी रॉकेल सुचवलं. हल्ली रॉकेल मिळत नाही म्हटल्यावर त्यांनी रेशनव्यवस्थेवर टीका केली. समोरच्यांनी पेटती उदबत्ती आणली. कुणी मीठ, कुणी चुना, कुणी आयोडेक्स. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे पाटील सर आले. सर निवृत्त भूगोल शिक्षक. एरवी ते कुठल्याही गोष्टीवर आधी अक्षांश-रेखांश सांगतात. त्या दिवशी मात्र पायाकडं पाहून त्यांचा चेहरा एकदम उतरला. "उदबत्ती बाजूला करा," ते म्हणाले, "आणि आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं जा. उगी प्रयोग कशाला करायलात?" मला त्यांच्या काळजीचं फार कौतुक वाटलं. त्यामागं काय होतं ते पुढं कळलं.

डॉक्टरांनी टोकदार चिमट्यानं, कातडीला अगदी लागून, हळूच सरळ वर ओढून तो काढला. म्हणाले, चटका दिला किंवा तेल ओतलं की हा प्राणी घाबरून पोटातलं आपल्याच रक्तात ओकतो. मी विचारलं, "कसला ताप वगैरे?" ते म्हणाले, "पंधरावीस दिवस लक्ष ठेवा. आला ताप तर या."

आता, 'लक्ष ठेवा' या दोन शब्दांवर मध्यमवर्गीय माणूस काय काय करू शकतो हे डॉक्टरांना ठाऊक नसावं. मी सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावू लागलो आणि मधल्या वेळात गोचिडाबद्दल वाचू लागलो. आपल्या अंगाखांद्यावर राहून गेलेल्या जिवाची थोडी चौकशी करावी, एवढाच हेतू.

आणि वाचकहो, वाचता वाचता मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटू लागली. हा कोळ्याच्या भाऊबंदांतला. याला पंख नाहीत, उडी मारता येत नाही, चालणं तर नावापुरतं. यांच्यातल्या पुष्कळ जातींचे गोचीड अख्ख्या आयुष्यात तीन वेळा जेवतात. सहा पायांचं पिल्लू असताना एकदा, आठ पायांचा किशोर झाल्यावर एकदा आणि मोठेपणी एकदा. प्रत्येक जेवणानंतर जमिनीवर पडायचं, कात टाकायची आणि पुन्हा गवताच्या पात्यावर चढून पुढचे पाय पसरून उभं राहायचं, मांडवाच्या दारात पाहुण्यांची वाट बघणाऱ्या वधूपित्यासारखं. पुढच्या पायांनीच त्याला येणाऱ्या-जाणाऱ्याचा श्वास आणि ऊब कळते. कुणी आलंच नाही तर महिनोन् महिने उपाशी. आणि कुणी आलं, तर ते नेईल तिकडं जायचं. बैलानं नेलं तर गोठ्यात, पाखरानं नेलं तर परराज्यात. कुठं जायचं हे ठरवण्याचा अधिकार त्याला नाही. या बाबतीत तो पूर्णपणे बँक कर्मचारी आहे.

म्हणूनच वर्तमानपत्रातलं एक वाक्य मला खटकू लागलं. 'अमुक तालुक्यात गोचिडांचा शिरकाव.' शिरकाव? शाळेत आम्हाला व्याकरणाच्या गुरुजींनी छडी मारून शिकवलंय, 'पसरणे' वेगळं आणि 'पसरवणे' वेगळं. गोचीड पसरत नाही. त्याला पसरवलं जातं. मग या वाक्यातला कर्ता कोण? आणि तो वाक्यातून नेहमी गायब कसा असतो?

आमच्या गौताळ्याचंच बघा. 2021 साली तिथं वाघ दिसला. विदर्भातल्या टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालत आलेला. केवढा आनंद झाला सगळ्यांना! आमच्या शाखेत पेढे वाटले नाहीत एवढंच. आता हा वाघ एवढं अंतर आला तो काय आंघोळ करून, अंग पुसून आला असेल? त्याच्या कानामागं, काखेत पाचपंचवीस गोचीड असणारच. वाघ आला की आगमन, त्याच्याच अंगावरचा गोचीड आला की शिरकाव! मोठ्या माणसाबरोबर आलेल्या सामानाची चौकशी करायची नाही, हा नियम जंगलातही आहे म्हणायचा.

इथवर सगळं गमतीचं होतं. गंमत संपवली ती आमच्या साडूंनी. ते सावंतवाडीकडं आरोग्य खात्यात आहेत आणि दर मे महिन्यात आम्हाला काजूगराचा डबा पाठवतात. फोनवर माझी हकिगत ऐकून ते हसले नाहीत. म्हणाले, "तुमच्याकडं नाही तो ताप. आमच्याकडं आहे." आणि त्यांनी मला माकडतापाची गोष्ट सांगितली.

1957 साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर नावाच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली, आणि आसपासच्या गावांतली माणसंही तापानं फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातली मंडळी तिकडं धावली. आधी धास्ती अशी की, आफ्रिकेतला पीतज्वर हिंदुस्थानात आला की काय. निघाला निराळाच विषाणू, रशियाकडच्या एका मेंदूज्वराचा नातेवाईक. त्याला वाहून नेणारा होता जंगलातला गोचीड. आजारी माकड मरून पडलं की त्याच्या अंगावरचे गोचीड उतरतात आणि ती जागा पुढं येणाऱ्याला धोक्याची होते. शंभर माणसांना हा ताप आला तर तीन ते पाच दगावतात. एका माणसाकडून दुसऱ्याला तो होत नाही. माणसाकडं आला की विषाणूचा रस्ता संपतो. त्या माणसाचाही कधी कधी संपतो.

पन्नासएक वर्षं हा आजार कर्नाटकातच, पण जिल्ह्यामागून जिल्हा धरत राहिला. मग 2012 मध्ये बंदीपूर, 2013 मध्ये केरळ-तमिळनाडूच्या हद्दीवर, 2015 मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातलं पाली गाव आणि 2016 च्या जानेवारीत आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग. पुढच्या वर्षी बांद्याच्या बाजूला. त्या दोनतीन हंगामांत तिथं शेकडो माणसं आजारी पडली. कोण ही माणसं? जानेवारी ते मे काजूच्या बागेत बोंडं गोळा करणारी, पातेरा आणि लाकूडफाटा आणायला रानात जाणारी. नेमक्या याच कोरड्या महिन्यांत आठ पायांचे ते किशोरवयीन गोचीड पातेऱ्यात जेवणाची वाट बघत असतात.

"पण तो तिकडून इकडं आला कसा?" मी विचारलं.

"माकडं येतात, पाखरं येतात, गुरं येतात," साडू म्हणाले. "जंगल सलग होतं तेव्हा आत होतं ते आत राहत होतं. आता रस्ता, बाग, वस्ती, पुन्हा थोडं जंगल, असे तुकडे झालेत. गुरं रानात चरतात. त्यांना काही होत नाही, पण मोठ्या गोचिडांचं जेवण त्यांच्यावर होतं. आणि बागा तर आम्हीच लावल्या." दक्षिण कन्नडमधल्या बेळतंगडी तालुक्यात 1983 च्या सुमारास काजूच्या लागवडीसाठी जंगल तोडलं आणि त्यापाठोपाठ अशी साथ आली की दीड हजारावर माणसं आजारी पडली. अभ्यासकांनी ती साथ त्या तोडीशीच जोडली आहे.

मी फोन ठेवला. समोर रविवारचा शिरा होता. शिऱ्यात काजू होते.

मी कॉमर्सचा पदवीधर आहे. आम्हाला एकच तत्त्व शिकवतात आणि ते आयुष्यभर पुरतं. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात, जमा आणि नावे. जमा बाजू माझ्या बशीत दिसत होती. नावे कोणाच्या टाकायचं? बाग लावणाऱ्याच्या? त्याला लागवडीचं अनुदान देणाऱ्याच्या? माकडाच्या? की बशी हातात घेऊन बसलेल्या माझ्या? प्रत्यक्षात ते पडतं बोंडं वेचणाऱ्या बाईच्या नावे, आणि तिनं तर काहीच उचललेलं नसतं. अशी नोंद मी बँकेत केली असती तर ऑडिटरनं मला उभं केलं असतं.

न्यूजर्सीला माझा भाचा असतो. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, आमच्याकडंही आलाय. आशियातून!" 2017 मध्ये न्यूजर्सीत एका मेंढीच्या अंगावर पूर्व आशियातल्या एका जातीचा गोचीड सापडला. कुळ आमच्या दोडामार्गच्याच गोचिडाचं, म्हणजे चुलत बहीणच. बहीण म्हणायचं कारण, यांच्या माद्या नराशिवायच अंडी घालतात, एक पोचली तरी वंश सुरू. भाच्याला एच-वन व्हिसासाठी तीन वर्षं लागली होती, त्यामुळं त्याच्या आवाजात थोडी असूया होती. 'आशियातून' हा शब्द मात्र त्यानं असा उच्चारला, की जणू आपण तिथले नव्हेच.

पण मला सगळ्यांत जवळची वाटली ती जुन्या टेक्सासची गोष्ट. एकोणिसाव्या शतकात तिथले गुराखी हजारो गुरं हाकत उत्तरेकडं विकायला नेत. टेक्सासची गुरं धडधाकट, पण ती ज्या वाटेनं जात तिथली स्थानिक गुरं महिन्याभरात तापानं मरत. मिझुरीचे शेतकरी बंदुका घेऊन रस्त्यात उभे राहू लागले. टेक्सासवाले म्हणत, "आमची गुरं बघा! एक तरी आजारी आहे का?" आणि ते खोटं बोलत नव्हते. लहानपणापासून तो ताप अंगावर काढल्यामुळं त्यांच्या गुरांना तो बाधत नव्हता. 1893 मध्ये थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न या दोघांनी सिद्ध केलं की हा ताप गोचीड वाहून नेतो. तोवर शेतकऱ्यांचाही संताप खरा होता आणि गुराख्यांचाही कानावर हात खरा होता. आपण निरोगी, आपला हेतू निर्मळ, आणि आपल्या मागं मात्र दुसऱ्याचा गोठा रिकामा! याला पाप म्हणायचं का?

हा प्रश्न मी टेक्साससाठी विचारत नव्हतो. तो आमच्या जिन्याखालचा होता.

पाटील सरांकडं एक कुत्रा होता. राजा. गावठीच, पण सरांनी त्याला शिस्त अशी लावली होती की सकाळी शाळेच्या वेळेवर तो दारात उभा राही. बाई गेल्यावर, मुलगा पुण्याला, घरात सर आणि राजा एवढेच. सर त्याच्याशी बोलत. मोठ्यानं पेपर वाचून दाखवत. तर आम्ही गौताळ्याहून आल्यावर तीन-चार दिवस हा राजा जिन्याखाली आमच्या सतरंजीवर झोपत होता. मी ऑफिसला जाता-येता पाहत होतो. "काय राजे, गादी आवडली का?" असंही म्हटल्याचं मला आठवतं.

तिसऱ्या आठवड्यात त्यानं जेवण सोडलं. हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली. जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासून गोचीडताप सांगितला. इंजेक्शनं झाली, सलाइन झालं. सहाव्या दिवशी पहाटे राजा गेला.

मी सरांना भेटायला गेलो. सर खुर्चीत बसले होते, पेपर घडी न मोडलेला. मी म्हणालो, "सर, वय झालं होतं हो त्याचं."

राजा सात वर्षांचा होता.

त्यानंतर माझ्या डोक्यात एक वकील आणि एक ऑडिटर यांची वस्ती झाली. वकील म्हणे : तुला काय माहीत होतं? कुत्रा गावभर हिंडतो, कुठूनही आला असेल. शिवाय सतरंजीवर चार कुटुंबं बसली होती, तुझा वाटा फार तर पंचवीस टक्के. ऑडिटर म्हणे : सतरंजी कोणाची? झटकली का? स्वतःच्या पायावरचा सापडल्यावर तरी झटकली का? तेव्हा तर तू ग्रंथच्या ग्रंथ वाचत होतास!

आमच्या बँकेत या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वी देऊन ठेवलेलं आहे, हे लक्षात यायला मला दोन महिने लागले. गिऱ्हाईक भरणा करायला येतं. गड्डीत एक नकली नोट निघते. आम्ही ती जप्त करतो, शिक्का मारतो, पावती देतो. बदली नोट मिळत नाही, नुकसान आणणाऱ्याचं. तो काकुळतीला येतो, "साहेब, मला कुठं माहीत होतं?" बरोबर आहे, आणि म्हणूनच एका भरण्यात चारपर्यंत नोटा निघाल्या तर त्याच्यावर लगेच गुन्हा नोंदवत नाहीत. नकळत वाहून आणणं हा गुन्हा नव्हे. पण भुर्दंड मात्र त्यालाच पडतो. आणि समजा एखाद्याला नोट नकली आहे हे कळलं, आणि ती त्यानं गुपचूप गुलमंडीतल्या भाजीवाल्या म्हातारीच्या हातात सरकवली, तर? नोट तीच, हातही तोच, मधे फक्त 'कळलं' एवढा एक शब्द पडला, आणि साधा गिऱ्हाईक गुन्हेगार झाला.

टेक्सासवाल्यांचंही तेच झालं. 1893 च्या आधी ते निव्वळ नोट आणणारे होते. नंतर गुरं औषधाच्या हौदातून बुडवून काढायची सरकारी मोहीम 1906 मध्ये निघाली, आणि दक्षिणेत काही बहाद्दरांनी ते हौद रात्री सुरुंगानं उडवून दिले. ते मात्र भाजीवालीला नोट सरकवणारे. तरी मोहीम चाललीच, आणि 1943 पर्यंत, मेक्सिकोच्या सीमेवरचा पट्टा सोडला तर, तो गोचीड तिथून गेला.

मग माझं पाप कुठं होतं? सतरंजी न झटकणं हा निष्काळजीपणा, त्याचा भुर्दंड मी भरायला हवा. पण 'वय झालं होतं' हे वाक्य? ते मी जाणूनबुजून, एका म्हाताऱ्या माणसाच्या हातात सरकवलं होतं.

एका रविवारी मी खाली गेलो. बँकेत साहेबांपुढं जाताना पाय असे जड झाले नव्हते. सगळं सांगितलं. सतरंजी, झोप, मी पाहिलेलं आणि न बोललेलं. सर ऐकत राहिले. मग उठून आत गेले. मला वाटलं, आता दार लावून घेतात. त्यांनी पाण्याचा तांब्या आणला.

"बसा," ते म्हणाले. "तुम्ही गौताळ्याला गेलात त्याच्या आदल्या आठवड्यात मी राजाला फुलंब्रीला शेतावर नेलं होतं. बैलांच्या अंगावर नुसते गोचीड. गड्यानं सांगितलं, सर, कुत्र्याला आणू नका इथं. मी ऐकलं नाही. मग तुमच्या पायाला निघाला तेव्हा माझं काळीजच हललं. म्हटलं, हा राजाच्याच अंगावरचा, माझ्यामुळं पोराबाळांच्या घरात आला. बोलायला तोंड झालं नाही. म्हणून तुम्हाला डॉक्टरकडं पिटाळलं."

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. म्हणजे दोन महिने वरच्या मजल्यावर मी आणि खालच्या मजल्यावर सर, एकच रक्कम आपापल्या नावे टाकून बसलो होतो! दोन्हीकडं नावेच नावे, जमा कुठंच नाही. अशी तेरीज जगात कुठं जुळत नाही. खरं काय होतं ते आता कळणारही नाही. साक्षीदार एकच होता आणि तो गेला.

आमच्याकडं सस्पेन्स खातं म्हणून एक प्रकार असतो. रक्कम आली आहे पण कोणाची ते कळत नाही, तर ती तिथं टाकतात. नवशिक्या कारकुनाला ती अडगळीची खोली वाटते. पण ऑडिटर येतो तो पहिल्यांदा तेच खातं उघडतो आणि विचारतो, याचा पाठपुरावा काय केला? मी सरांना हे समजावून सांगितलं. त्यांना पटलं. म्हणाले, "मग करू या की पाठपुरावा."

त्या दिवशी आम्ही दोघांनी सतरंजी गच्चीवर उन्हात टाकून काठीनं बदडली. जिन्याखाली औषध मारून घेतलं. बिल्डिंगच्या फळ्यावर सरांनी सुवाच्य अक्षरात सूचना लिहिली : सहलीहून किंवा शेतावरून येणाऱ्यांनी कपडे, पाय व पाळीव प्राणी तपासूनच वर यावे. फुलंब्रीच्या बैलांना डॉक्टर दाखवले, त्याचा निम्मा खर्च मी दिला. सर नको म्हणत होते. मी म्हटलं, नकली नोटेचा भुर्दंड आहे, घ्यावाच लागेल.

मे महिन्यात साडूंचा काजूगराचा डबा आला. निम्मा सरांकडं घेऊन गेलो. सरांनी एक गर उचलला, चष्म्यासमोर धरून पाहिला आणि विचारलं, "हा वेचला कुणी असेल हो?" भूगोलाचा माणूस, पदार्थ कुठून आला ते कळल्याशिवाय घास घशाखाली उतरत नाही. मला सांगता येईना. तिथूनच साडूंना फोन लावला. विचारलं, बागेतल्या बायकांना हातापायाला लावायचं ते गोचीड पळवणारं तेल यंदा वेळेवर मिळालं का, घरी आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ करा म्हणून कुणी सांगतं का, लसीचं काय झालं.

साडू म्हणाले, तेल वाटलंय, पण ते लावून घेईपर्यंत मागं लागावं लागतं. जुनी लस फारशी लागू पडत नव्हती, ती 2022 मध्ये बंद झाली. मेलेलं माकड दिसलं की लगेच कळवा, हे गावोगाव सांगत हिंडतोय. एवढं सगळं सांगून झाल्यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, "इतकी वर्षं डबा पाठवतोय, आजवर तुम्ही फक्त 'पोचला' एवढंच कळवत होतात. यंदा काजू खवट निघाले की काय?"